भावजींची सुलट फेरी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावजी कमलाकर दुधनीकर यांनी कुणाचा शब्द तपासून घेतल्याशिवाय कधी मानला नाही. त्यात त्यांचा तसा दोष नव्हता. सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत ते नकला तपासायच्या कामावर होते. कारकुनानं केलेली नक्कल त्यांच्या पुढ्यात यायची. एका हाताचं बोट अस्सल कागदावर आणि दुसऱ्या हाताचं नकलेवर ठेवून ते ओळ न् ओळ ताडून बघायचे आणि मग खाली 'अस्सलबरहुकूम' असं लिहून सही ठोकायचे. दिवसभर हेच काम. संध्याकाळी घरी आले तरी त्यांची बोटं काही थांबायची नाहीत.

अक्का म्हणाली, आमटीत मीठ घातलंय, की हे पळीनं आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटून बघणार. अक्का म्हणाली, दाराला कडी लावली, की हे अंथरुणातून उठून दारापाशी जाणार, कडी हलवून बघणार, परत येऊन पडणार आणि आपण खरंच बघितली की नाही अशी शंका येऊन पुन्हा उठणार. एकदा ती म्हणाली, बाहेर पाऊस लागलाय, तर हा गृहस्थ अंगणात हात पसरून उभा राहिला आणि चिंब भिजून आत आला. आत येऊन म्हणाला, "हो, लागलाय."

मी तेव्हा त्यांच्याकडेच राहून मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. अक्काचं नाव मालती. आमच्या माहेरी, करकंबच्या घरात सगळ्यांत शांत तीच. या सगळ्यावर ती काही बोलायची नाही. मला मात्र तोंड आवरता येत नसे आणि आवरायची इच्छाही नसे. नवऱ्यानं बायकोचा शब्द असा रोज उन्हात वाळत घालावा, याचा मला मनापासून संताप यायचा.

अशा माणसाला गोल्फचा नाद लागला हे मी कुणाला सांगितलं, तर ते अजूनही मला थापाडी म्हणतात.

सोलापुरातल्या सात रस्त्याच्या पुढं टांग्यानं थोडं गेलं की त्या काळी वस्ती संपायची आणि माळ लागायचा. माळाच्या मधोमध एक टेकडी, तिच्यावर मारुतीचं लहानसं देऊळ, आणि टेकडीच्या भोवती साहेब लोकांनी गोल्फसाठी खणलेले नऊ खळगे. विलायतेत हा खेळ म्हणे हिरवळीवर चालतो. आमच्याकडं हिरवं काय ते निवडुंग. म्हणून प्रत्येक खळग्याभोवती तेल पाजलेली वाळू गोल पसरून ठेवायचे, तेवढ्या जागेत चेंडू नीट घरंगळायचा. बाकी सगळीकडं कुसळं, दगड आणि धनगरांची मेंढरं. काठीनं चेंडू टोलवत टोलवत एकामागून एक खळग्यांत घालायचा, असं करत टेकडीला वळसा घालून क्लबाच्या बंगलीपाशी परत यायचं, आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. एवढ्यासाठी ही शहाणी माणसं साता समुद्रापलीकडून आली होती.

भावजींचा जुना साहेब संध्याकाळी कचेरीत सापडायचा नाही. मग भावजी कागदांचं बासन बगलेत मारून माळावर जायचे आणि साहेब एका खळग्यातून दुसऱ्या खळग्याकडं जाताना वाटेत सह्या करायचा. एके दिवशी साहेबाला काय लहर आली कोण जाणे, त्यानं सही करून कागदाबरोबर काठीही भावजींच्या हातात दिली. भावजींनी चेंडूकडं बघितलं, खळग्याकडं बघितलं, पुन्हा चेंडूकडं बघितलं, दोन्हीची नीट रुजवात घातली आणि टोला हाणला. चेंडू सरळ गेला. तिथंच घात झाला.

साहेब लोक विलायतेला परत जाताना मागं काही ना काही ठेवून जात. कुणाच्या पदरात कुत्रा पडे, कुणाच्या आरामखुर्ची. आमच्या वाट्याला काठ्यांची पिशवी आली. क्लबात माणसं थोडी होती, गिरणीतले साहेब, रेल्वेतले साहेब आणि एक पारशी डॉक्टर. जाणाऱ्या साहेबानं शब्द टाकला आणि भावजी सभासद झाले. दर शनिवारी कचेरी सुटली की ते धोतराचा काचा मारून, कोट, काळी टोपी आणि पायात पंपशू अशा थाटात माळावर हजर. काठ्यांच्या मुठींना कातडं होतं म्हणून पिशवी पडवीतच ठेवायची आणि खेळून आल्यावर आंघोळ करूनच आत यायचं, एवढी अट अक्कानं घातली. भावजींनी ती मुकाट्यानं पाळली. अक्का आंघोळ झाली का म्हणून विचारायची नाही. तिला तपासायची सवय नव्हती.

त्यांना या खेळात सर्वांत काय आवडलं होतं, ते त्यांनी एकदा मला जेवताना सांगितलं. "लीला, तिथं टोले ज्याचे त्यानं मोजायचे. साक्षीदार नाही, पंच नाही. माणूस म्हणाला इतके, की इतके. कचेरीत माझ्या शब्दाला दोन सह्या लागतात. तिथं नुसता शब्द पुरतो."  मी म्हटलं, "मग अक्का म्हणते मीठ घातलंय, तेव्हा हा कायदा कुठं जातो?" भावजींनी घास गिळला आणि म्हणाले, "तो खेळ आहे, ही आमटी आहे." अक्का हसली. मला हसू आलं नाही.

आता खरी गोम सांगते. साहेब लोक बंगलीपासून निघत ते टेकडी डाव्या हाताला ठेवून. म्हणजे टेकडीवरच्या मारुतीला डावं घालून पुरी फेरी. देवाला नेहमी उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. जुन्या साहेबाबरोबर पहिल्या दिवशी भावजी भिडेखातर त्याच्या वाटेनं गेले. त्याच आठवड्यात अक्काला विंचू चावला. अक्काचं म्हणणं, सरपणाची रास झटकून ठेवा म्हणून मी किती दिवस सांगत होते. पण भावजींनी तो देवाचा इशारा धरला, आणि मारुतीला डावं घालून पुन्हा एक पाऊल टाकणार नाही असं ठरवून टाकलं. दुसऱ्या शनिवारपासून ते खेळू लागले उलट्या बाजूनं. साहेबांचा शेवटून दुसरा खळगा तो यांचा पहिला, आणि तिथून मागं मागं. त्यांच्या मते तेच सुलट होते आणि बाकी सगळा क्लब उलटा होता.

याचा परिणाम काय व्हायचा तो होतच होता. सगळे एका दिशेनं चाललेत आणि समोरून एकच माणूस चेंडू हाणत येतोय. भावजी टोला मारायच्या आधी हमालासारखे "बाजू, बाजू" म्हणून ओरडत. जुना साहेब इथं होता तोवर हसण्यावारी न्यायचा. नव्या लोकांना हे समजेपर्यंत चेंडू त्यांच्या कानाजवळून जायचा.

मग क्लबाचा कारभार क्लेग नावाच्या साहेबाकडं आला. हा एका गिरणीत वीव्हिंग मास्टर होता, लालबुंद, पोट सुटलेला, पण खेळायला पक्का. सोलापुरात बरीच वर्षं काढल्यामुळं तो मागावरच्या तेलुगू कामगारांशी हिंदुस्थानीत बोलायचा आणि राग आला की तेलुगूत शिव्या द्यायचा. एका शनिवारी भावजींचा चेंडू त्याच्या टोपीवर बसला. टोपीला पोचा आला. साहेबानं टोपी काढून बघितली, आधी तेलुगूत बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग म्हणाला, "दुधनीकर, तुम ऐसा उल्टा क्यों जाता?"

भावजींनी त्याला नकलेच्या इंग्रजीत, पहिलं कारण, दुसरं कारण असं करत सगळं समजावून दिलं. देव, उजवा हात, विंचू, काही वगळलं नाही. साहेबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण. मग त्यानं निकाल दिला. येत्या शनिवारी दोघांनी सामना खेळायचा, साहेबानं त्याच्या बाजूनं, भावजींनी त्यांच्या बाजूनं. भावजी जिंकले तर त्यांनी जन्मभर हव्या त्या बाजूनं जावं, क्लब त्यांना वाट देईल. हरले तर सगळे जातात तसं जायचं, नाहीतर काठ्या खाली ठेवायच्या. दोघं विरुद्ध दिशांना जाणार म्हणजे एकमेकांचे टोले कोण मोजणार, असं पारशी डॉक्टरनं विचारलं. साहेब म्हणाला, "वो अपना बोलेगा, मैं अपना बोलेगा. बस." साहेबानं थोड्या टोल्यांची सूटही देऊ केली. ती भावजींनी नाकारली.

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. हरलो तर खेळ संपला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. देवाला डावं घालून ते जाणार नव्हते, ब्रह्मदेव येऊन सांगता तरी. आणि त्या माणसाला आयुष्यात दुसरा विरंगुळा नव्हता. विडी नाही, पान नाही, पत्ते नाहीत, आणि मूलबाळही नव्हतं. तो आठवडाभर आमटीत मीठ कमी झालं तरी त्यांना कळलं नाही.

शनिवारी अक्का म्हणाली, "लीला, चल, आपण मारुतीला नारळ फोडून येऊ." अक्काला गोल्फ म्हणजे काय हे शेवटपर्यंत धड कळलं नाही, पण नवऱ्याचं काहीतरी पणाला लागलंय एवढं कळलं होतं. आम्ही टांग्यानं माळावर गेलो आणि मागच्या पायवाटेनं टेकडी चढलो. देवळाच्या कट्ट्यावर गोजाबाई धनगरीण बसली होती. तिची मेंढरं खाली साहेबांच्या माळावर चरत होती आणि ती वरून त्यांच्यावर नजर ठेवून होती. त्या कट्ट्यावरून टेकडीच्या चारी बाजू दिसत. खाली खेळणाऱ्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता आणि आम्हाला मात्र दोघंही चोख दिसत होते.

गोजाबाई म्हणाली, "लई दिस बगतीया मी. ह्यास्नी कुनी शिक्शा दिलीया का काय? येवड्या उनात मेंढरू बी हिंडत न्हाय."

"खेळ आहे तो," अक्का म्हणाली.

"व्हय? मग हसत कसं न्हाईत?"



नारळ फोडून झाला आणि मी कट्ट्याच्या कडेला बसून साहेबाचे टोले बोटांवर मोजू लागले. मला त्याच्याबद्दल खात्री नव्हती, किंवा भावजींच्या घरात राहून मलाही त्यांचा रोग लागला असेल. साहेबाचा चेंडू निवडुंगात गेला. तिथं बघायला काळं कुत्रं नव्हतं. साहेबानं निवडुंगावर काठी चालवली, पुन्हा चालवली, तेलुगूत काहीतरी म्हणाला, पुन्हा चालवली. मी मनात म्हटलं, आता बघू हा गडी किती सांगतो ते.

दुसऱ्या बाजूला भावजी त्या दिवशी झकास खेळत होते. टोपी मागं सारलेली, कोटाची बटणं उघडी, आणि चेंडू म्हणाल तिथं जात होता. अर्धी फेरी झाली आणि पुढं एक काळा धोंडा आडवा आला. भावजींनी तो चुकवून मारायला हवं होतं. त्यांनी मारलं ते नेमकं धोंड्यावर. चेंडू टणकन उलटा फिरला, भावजींच्या डोक्यावरून गेला आणि त्यांच्या मागं चार पावलांवर जाऊन पडला.

भावजी मागं वळले नाहीत. नुसती मान वळवून त्यांनी चेंडूकडं बघितलं. मग वर टेकडीकडं बघितलं.

मला आधी कळेना की हे थांबलेत का. मग एकदम उलगडा झाला. चेंडू मागं होता. मागं चार पावलं जायचं म्हणजे चार पावलं मारुतीला डावं घालायचं. भावजींनी पाय जागेवर ठेवून कंबर वाकवली, पिशवीतली सर्वांत लांब काठी काढून मागं लांबवली, ती पुरेना. पाठमोरं चालावं का म्हणून एक पाय उचलला, विचार केला आणि पुन्हा खाली ठेवला. चेंडू सोडून द्यावा तर टोल्यांचा दंड बसणार. शेवटी त्यांनी टोपी सारखी केली, पिशवी खांद्याला मारली आणि चेंडूकडं पाठ करून पुढं चालायला लागले.

"आता ह्ये कुटं निगालं?" गोजाबाईनं विचारलं.

अक्कानं कपाळाला हात लावला. "चेंडू आणायला," ती म्हणाली. मागं चार पावलांवर पडलेल्या चेंडूपाशी जायला माझे भावजी सबंध टेकडीला वळसा घालून निघाले होते, भर उन्हात, उजव्या बाजूनं.

वाटेत त्यांना क्लेग साहेब समोरून आला. माळ शांत होता, बोलणं वर ऐकू येत होतं. भावजींनी टोपीला हात लावला. साहेब म्हणाला, "बॉल कहाँ है?" भावजी म्हणाले, "पीछे," आणि पुढं चालू लागले. 

तेवढ्यात गोजाबाईची मेंढरं चरत चरत चेंडूच्या बाजूला सरकायला लागली. अक्का उठली, छत्री उघडली आणि टेकडीवरून सरळ खाली उतरली. मी बडबडत तिच्या मागं. चेंडू एका बैलाच्या खुराच्या खळगीत पडला होता, मागं एक खडा, पुढं कुसळं. भावजींना तो मारणं कठीणच होतं. अक्का त्याच्यापाशी छत्री धरून उभी राहिली. सावली चेंडूवर पडली होती आणि ती स्वतः उन्हात होती.

मेंढरं आलीच. आम्ही हाकलली, तरी एक दांडगा एडका घुसला, त्याचा पाय लागला आणि चेंडू खळगीतून निघून छान मोकळ्या सपाट जागेवर जाऊन बसला. मी म्हटलं, "बरं झालं. राहू दे तिथंच. कोण बघतंय?"

अक्कानं चेंडू उचलला आणि पुन्हा त्याच खळगीत, त्याच खड्याच्या पुढं ठेवला.

"अगं, निदान दोन बोटं तरी अलीकडं ठेव. खडा तरी चुकेल."

"लीला, गप्प बस," अक्का म्हणाली. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा असं बोलली.

बऱ्याच वेळानं भावजी टेकडीला वळसा घालून आले. धोतराला कुसळं, तोंड टोमॅटोसारखं लाल. बायकोला तिथं बघून ते गांगरले.

"तू इथं कशाला?"

"मेंढरं होती," अक्का म्हणाली.

"हात नाही ना लावलास चेंडूला?"

"लावला. एडक्याच्या पायानं सरकला होता. मी होता तिथं ठेवला."

 माझ्या डोळ्यांपुढं आता सगळं येत होतं, भावजी उकिडवे बसणार, एडक्याचे ठसे बघणार, खळगी मोजणार, मला साक्षीला बोलावणार, गोजाबाईला वरून खाली आणणार. भावजींनी अक्काकडं बघितलं. तिचा चेहरा उन्हानं रापला होता आणि छत्री अजून चेंडूवरच धरलेली होती.

"होता तिथंच?" ते म्हणाले.

"तिथंच."

भावजींनी मान हलवली, काठी काढली आणि टोला मारला. खडा उडाला, चेंडू कसाबसा धोंड्याच्या पलीकडं गेला. ते त्याच्या मागं निघून गेले.

आम्ही बंगलीपाशी पोचलो तेव्हा क्लेग साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून घाम पुसत होता. थोड्या वेळानं भावजी आले. त्यांनी शेवटच्या खळग्यात चेंडू घातला, काठी ठेवली आणि कुणी काही विचारायच्या आत स्वतः होऊन सांगितलं की माझा चेंडू मेंढरानं हलवला होता, माझ्या बायकोनं तो परत जागेवर ठेवला, हे चालत नसेल तर मी हरलो असं समजा.

साहेबानं आमच्याकडं बघितलं. त्या व्हरांड्यापाशी नऊवारी लुगड्यातली बाई त्याआधी कधी उभी राहिली नसावी. त्यानं भावजींना विचारलं, "बराबर उसी जगह पे रखा?"

"ती तसं म्हणते."

"तुमने देखा?"

"नाही," भावजी म्हणाले. "मी तपासलं नाही."

साहेबाला यात विशेष काही वाटलं नाही. त्यानं मान डोलावली, चालतंय म्हणाला. पण मी ते शब्द भावजींच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. अक्का खाली मान घालून छत्री मिटत होती आणि ती काही केल्या मिटत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला सांगू.

मग दोघांनी एकेका खळग्याचे आपापले टोले सांगितले. साहेबानं निवडुंगातला एक न् एक टोला धरला होता. मी बोटांवर मोजलेले होते, तंतोतंत जुळले. मेला खरं बोलत होता. आणि तरीही तो तीन टोल्यांनी जिंकला होता. भावजी खेळले चांगलं, पण भर उन्हातल्या त्या फेरीनं त्यांची पुरती दमछाक झाली होती, शेवटच्या खळग्यांवर सगळं निसटलं.

भावजींनी साहेबाशी हस्तांदोलन केलं. मग पिशवी उचलून आणली आणि साहेबाच्या खुर्चीपाशी ठेवली. लहान मूल झोपलेलं ठेवावं तशी ठेवली. "मी त्या बाजूनं जाऊ शकत नाही," ते म्हणाले. साहेबही उठून उभा राहिला. त्याला वाईट वाटलं होतं, पण बोललेला शब्द त्यालाही मोडता येत नव्हता.

तेव्हा अक्का पायरी चढून वर आली. परक्या पुरुषांच्या देखत ती कधी बोलायची नाही. ती भावजींना म्हणाली, "अहो, पिशवी उचला. तुम्ही यांच्या बाजूनं जा. मी त्याच वेळी तुमच्या बदली सुलट्या बाजूनं फेरी घालीन. बायकोच्या पुण्यातलं अर्धं नवऱ्याला मिळतंच ना? तुमचं उलट आणि माझं सुलट, फिटंफिट."

 भावजींमधला कारकून जागा झाला. "असं चालतं? याला आधार काय?"

"मी सांगते म्हणून," अक्का म्हणाली.

भावजींनी पिशवी उचलली. क्लेग साहेबानं मला विचारलं, "बाई भी अब उल्टा जाएगा?" मी म्हटलं, "नाही साहेब, बाई सुलट जाणार. उलटे हे जाणार." साहेबानं डोकं खाजवलं आणि चहा मागवला. आम्ही तो घेतला नाही.

पुढं कितीतरी वर्षं, भावजींना पेन्शन मिळेपर्यंत, दर शनिवारी हे चाललं. बंगलीपासून भावजी काठ्या घेऊन साहेबांच्या वाटेनं निघायचे, टेकडी डाव्या हाताला. त्याच वेळी अक्का छत्री घेऊन दुसऱ्या बाजूनं निघायची, टेकडी उजव्या हाताला. टेकडीच्या मागं कुठंतरी दोघांची गाठ पडायची. भावजी चेंडूवरची नजर न काढता जरा बाजूला सरायचे आणि तिला वाट द्यायचे. बाकीची अर्धी फेरी ती त्यांना दिसायची नाही. बंगलीपाशी ती कधी आधी पोचायची, कधी मागाहून. "झाली," ती म्हणायची. ते पिशवी खांद्याला मारून टांगा बघायला जायचे. आमटी मात्र ते अखेरपर्यंत चाटून बघत राहिले.

एका चैत्रातल्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले होते. ऊन असं होतं की खडे पायाला चटके देत होते. टेकडीच्या मागं भावजी भेटून पुढं गेले, आणि पायवाटेजवळच्या बाभळीखाली गोजाबाई भाकरी सोडून बसली होती. मी अक्काला म्हटलं, "बसू या ना इथंच घटकाभर. इथून आल्या वाटेनं बंगलीपाशी जाऊ आणि झाली म्हणून सांगू. त्यांना काय कळणार आहे? ते विचारतसुद्धा नाहीत."

अक्का थांबली नाही. पदरानं मान पुसत ती पुढं चालतच म्हणाली, "विचारत असते तर मी बसले असते."